प्रयागबाई कासार, वय छप्पन्न

"तुझ्या बातमीतली छप्पन्न वर्षांची महिला मीच," असं म्हणून ती बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली.

पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. मी आरशासमोर बसून तोंडाला पावडर लावत होते. इलियास, आमचा कॅमेरावाला, वायरचा गुंता सोडवत होता. त्यानं मान वर करून बघितलं आणि वायर हातात तशीच धरून दोन पावलं मागं सरकला. मीही उठले. तिला बसा म्हणायला नव्हे. टेबलावरचा पंखा असा फिरवायला, की तिच्याकडचं वारं आमच्याकडं येऊ नये.

"आत येऊ नका," मी म्हणाले.

"नाही येत माय. इथूनच बोलते."

तोंडाला सुती कापडाचा मास्क, हातात नायलॉनची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी दवाखान्याची पिवळी फाईल. तोंड झाकलेलं असलं तरी मी तिला ओळखलं. आमच्या नांदवडमध्ये तिला न ओळखणारी बाई सापडणार नाही. गल्लोगल्ली फिरून बांगड्या भरणारी कासारीण मावशी. माझ्या लग्नात माझा हिरवा चुडा तिनंच भरला होता. माझे हात रुंद, हाडं जाड, आई म्हणत होती मोठा नंबर घ्या, आणि मावशी म्हणाली होती, "हात माझ्याकडं द्या आणि तुम्ही चहा ठेवा." एकही बांगडी न फोडता तिनं दोन्ही हात भरले होते.

ही दोन हजार वीस सालच्या जुलैमधली गोष्ट आहे. 'नांदवड दर्शन' नावाचं आमचं केबलवरचं चॅनेल होतं. चॅनेल म्हणजे काय, एका बंद कापडदुकानाच्या वरची खोली, मागं निळा पडदा, एक कॅमेरा आणि मी. त्याआधीची आठ वर्षं मी नळाला पाणी कोणत्या वॉर्डात कधी येणार, कुणाच्या कुस्त्या, कुणाचा सप्ताह, कुणाची म्हैस हरवली, हेच वाचत होते. कोण बघत होतं देव जाणे. पण टाळेबंदी लागली आणि संध्याकाळचे पाच वाजले की सगळं शहर टीव्हीसमोर बसायला लागलं. रस्ते रिकामे, दुकानं बंद, आणि घराघरातून माझाच आवाज. दूध आणायला गेले की लोक लांबून विचारायचे, "मॅडम, आज किती?"

आज किती, हीच बातमी. तहसील कार्यालयातून यादी यायची आणि मी वाचायची. "आज शहरात सात नवे रुग्ण. शास्त्रीनगर, बेचाळीस वर्षीय पुरुष. मोंढा भाग, एकोणीस वर्षीय युवती." नाव घ्यायचं नाही असा नियम होता. नियम चांगला होता. रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून केलेला होता. पण कासार गल्लीत घरं चौदा आणि त्यात छप्पन्न वर्षांची बाई एकच. मी "कासार गल्ली, छप्पन्न वर्षीय महिला" एवढं म्हणायचा अवकाश, पाच मिनिटांत सगळ्या शहराला कळलं होतं. नाव मी घेतलं नव्हतं म्हणून मग ज्याला जे वाटेल ते तो बोलत होता. ती हैदराबादहून घेऊन आली. अंगात ताप असताना लग्नघरी चुडा भरायला गेली. तिनं एक्केचाळीस बायकांचे हात धरले. शेवटी तर ती वारली असंही मी भाजीवाल्याकडून ऐकलं होतं.

आणि ती समोर उभी होती.

"दुपारी बारा वाजता सोडलं मला," ती म्हणाली. "गाडीनं गल्लीच्या तोंडाला उतरवलं. गल्लीला बांबू लावलेत. आत सोडंनात. दिवाकर म्हणतो, चौदा दिवस कुठं बी राहा, मग बघू. तवापासून शाळेच्या व्हरांड्यात बसले होते. पाणी मागितलं तर एकानं बाटली लांबून घरंगळत सोडली, कुत्र्याला भाकरी टाकतेत तशी."

दिवाकर म्हणजे कासार गल्लीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. मंडपाचा धंदा. बांबू त्याचेच.

"तुमच्याकडं कागद आहे ना?"

"हाय की." तिनं फाईल उघडून कागद लांबूनच माझ्यासमोर धरला. "हे बघ. 'घरी सोडण्यात येत आहे. सात दिवस घरातच राहावे.' घरातच राहावं म्हणून लिहिलंय, आणि घरात जाऊ देईनात. आता मी हा कागद पाळू कसा, सांग."

"मी काय करू शकते मावशी?"

"माझं नाव वाच."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"नाव घेऊन वाच," ती म्हणाली. "प्रयागबाई दत्तोबा कासार, वय छप्पन्न, बरी होऊन आली, डॉक्टरनं घरी सोडलं. आणि त्या एक्केचाळीस जणी, त्यांचा शोध चालू हाय म्हणून सांगितलीस ना तू? तीन दिवस सांगितलीस. त्यांच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, एकीला बी काही निघालं नाही. ते वाचलीस का?"

मी वाचलं नव्हतं. यादीत आलेलंच नव्हतं, कारण यादी फक्त लागण झालेल्यांची असायची. आणि विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"नाव घेता येत नाही मावशी. नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी आहे."

"कसलं भलं गं? अठरा दिवस झाले, कुणी माझं नाव घेतलं नाही. तिथं बी पेशंट, इथं बी पेशंट. आज दिवाकर, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला, गल्लीतल्या लोकांना म्हणतो, 'पेशंटला लांबच थांबवा.' मी समोर उभी! माझं नाव माझं हाय. मीच सांगायले, घे म्हणून. मग नियम मोडला कुणी?"

अडचण आली की मी जे नेहमी करायची तेच केलं. मालकांना फोन लावला. उत्तमराव चिद्रे, चॅनेलचे मालक, तीन महिन्यांपासून घराबाहेर पडले नव्हते. मी सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर नव्हता, पण त्यांचा आवाज असा की जिन्यापर्यंत जावा.

"डोकं ठिकाणावर आहे का? दिवाकर पुढच्या निवडणुकीला उभा राहणार आहे, त्याच्याशी मला वाकडं घ्यायचं नाही. आणि ती बाई वर आलीच कशी? तिला घालव आधी. खोली सगळी फवारून घ्या. बातम्या यादीप्रमाणे. एक शब्द जास्तीचा नको."

"हो," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रयागबाईनं सगळं ऐकलं होतं. कागद तिनं नीट घडी करून फाईलमध्ये ठेवला. मला वाटलं आता ही जाईल, आणि खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं.

"तुझा सासरा बरा हाय," ती म्हणाली.

इलियासनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातली पावडरची डबी खाली ठेवायची राहून गेली.

आता हे सांगायलाच पाहिजे. माझे सासरे माणिकराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, टाळेबंदी लागल्यापासून शेतातल्या खोलीवर राहत होते. तिथं त्यांना बरं वाटायचं. माझा नवरा आठवड्यातून एकदा सामान बांधावर ठेवून लांबूनच बोलून यायचा. तिथंच त्यांना ताप आला. त्यांनी स्वतःच गाडी बोलावली आणि ते मुलींच्या वसतिगृहात केलेल्या कोविड सेंटरला दाखल झाले. आठ दिवस झाले होते. आमच्या कॉलनीत हे कुणालाही माहीत नव्हतं. मामा शेतावर आहेत, एवढंच आम्ही सांगत होतो. असं सांगायचं मीच ठरवलं होतं. घर भाड्याचं, मुलगी दहावीत, आणि माझं तोंड शहरभर ओळखीचं. नवरा म्हणाला होता, "तुला योग्य वाटतं तसं कर." त्या सोमवारी यादीत "ग्रामीण भाग, सत्तर वर्षीय पुरुष" असं आलं. मी ते वाचलं. आवाज हलू दिला नाही. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"आमच्या पलीकडच्या हॉलात होते. जेवणाच्या खोलीत टीव्ही हाय. पाच वाजायला आले की सगळ्यांना गप बसवतेत. 'थांबा, माझी सून यायली.' रोजचं. सगळ्यांना सांगून झालंय, ही माझी सून म्हणून. सोमवारी तू वाचलीस ना, सत्तर वर्षीय पुरुष? तर ते हात वर करून म्हणले, 'हजर!' सगळी खोली हसली. ते बी हसले. पण मग ताट तसंच ठेवलं त्यांनी. चपाती एक बी मोडली नाही."

मी खाली बसले.

"त्यांनी काही निरोप दिलाय का?"

"काही नाही. उलट म्हणले, सूनबाईची नोकरी हाय, तिला काही बोलू नका. मीच बोलायले."

आणि मी, इतकं ऐकूनसुद्धा, काय विचारावं? मी विचारलं, "तुम्ही हे बाहेर सांगणार आहात का?"

तोपर्यंत ती शांत बोलत होती. आता तिचे डोळे बदलले.

"मला तसलं करायचं असतं तर गल्लीच्या तोंडाला उभी राहून ओरडले असते. तुझ्या मालकाचा फोन चालू होता तवाच ओरडले असते. मी माझ्या घरी जायला आलेय बाई, तुझं घर मोडायला नाही. राहू दे. नाही वाचायचं तर नको वाचूस. बसते मी शाळेत. कधी न कधी बांबू काढावेच लागतील की त्याला, लग्नसराईत पाहिजे असतील."

ती वळली. दोन पायऱ्या उतरली.

"मावशी," इलियासनं हाक मारली. तो फारसा बोलणारा माणूस नव्हता. एप्रिलमध्ये त्याच्या मोहल्ल्यातल्या भाजीच्या गाड्यांबद्दल मालकांनी मला काय काय वाचायला लावलं होतं. कॅमेरा त्यानंच धरला होता, आणि त्याबद्दल तो माझ्याशी कधी एक शब्दही बोलला नव्हता. "मावशी, थांबा. दाराजवळ खुर्ची ठेवतो. तिथं उजेड चांगला येतो."

त्यानं खुर्ची दाराशी नेऊन ठेवली आणि परत येऊन कॅमेऱ्यामागं उभा राहिला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पाच वाजायला चार मिनिटं होती.

आमच्या बातम्या थेट जायच्या. लाल दिवा लागला. मी नमस्कार केला. यादी वाचली. त्या दिवशी अकरा होते. शेवटचं नाव, म्हणजे शेवटचं वय, वाचून झालं आणि मी कागद उलटा ठेवला.

"आता एक बातमी, जी यादीत नाही," मी म्हणाले. "कासार गल्लीतल्या प्रयागबाई दत्तोबा कासार, वय छप्पन्न, आज पूर्ण बऱ्या होऊन आल्या आहेत. त्यांचं नाव मी त्यांच्या सांगण्यावरून घेते आहे. त्यांच्या संपर्कात आलेल्या एक्केचाळीस महिलांपैकी एकीलाही लागण झालेली नाही. शोध चालू असल्याचं मी तीन दिवस सांगितलं. कुणालाही काही झालं नाही हे सांगायचं राहिलं. ती माझी चूक आहे. डॉक्टरांनी घरी पाठवलेलं असूनही प्रयागबाईंना त्यांच्या गल्लीत जाऊ दिलेलं नाही. दुपारी बारापासून त्या शाळेच्या व्हरांड्यात बसून होत्या."

इलियासनं मला न विचारताच कॅमेरा दाराकडं वळवला. प्रयागबाई खुर्चीत बसलीच नव्हती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती उभी होती.

"काय बोलू?" तिनं मला विचारलं, आणि तेही सगळ्या शहरात गेलं.

"तुम्हाला वाटेल ते."

तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं. "मी मेले नाही," ती म्हणाली. "कुणीतरी सांगायलंय म्हणं, मेले म्हणून. नाही मेले. हैदराबादला बी गेले नव्हते, मी हैदराबाद बघितलेलंच नाही. मला रोग झाला, तो मी आणला नव्हता, यायचा तसा आला. आता गेला. मी सहा वाजता घरी जाणार हाय. ज्यांना भ्या वाटतं त्यांनी दार लावून घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या दारात उभं राहून मला जाऊ नको म्हणायचं असंल तर आधी माझं नाव घ्यावं, तोंडाकडं बघावं आणि मग म्हणावं."

इलियासचा फोन थरथरायला लागला. मालक. त्यानं तो स्टुलावर पालथा ठेवला. मग माझा वाजायला लागला.

कॅमेरा परत माझ्याकडं आला. नमस्कार करून संपवायची वेळ झाली होती. मी म्हणाले, "आणखी एक. गेल्या सोमवारी मी ग्रामीण भागातल्या एका सत्तर वर्षांच्या पुरुषाची बातमी दिली होती. त्यांचं नाव माणिकराव सोपानराव हाळे. ते माझे सासरे आहेत. ते कोविड सेंटरमध्ये आहेत आणि त्यांची तब्येत सुधारते आहे. आम्ही लोकांना ते शेतावर आहेत असं सांगत होतो." मग सेंटरमधली ती जेवणाची खोली डोळ्यांसमोर आली आणि मला जे म्हणायचं होतं ते वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. मी एवढंच म्हणाले, "मामा, जेवून घ्या."

लाल दिवा विझला.

फोनवर मालक काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सारांश एवढाच की उद्यापासून यायचं नाही. मी बरं म्हणाले. प्रयागबाई तोवर खाली उतरली होती. आम्ही खाली गेलो तेव्हा ती कासार गल्लीच्या दिशेनं निघालेलीसुद्धा होती, पिशवी काखेत धरून, रस्त्याच्या मधोमध. रस्ताभर माणूस नव्हतं. इलियासनं कॅमेरा काढून खांद्यावर घेतला होता. मालकांचाच होता तो.

गल्लीच्या तोंडाशी पाच आडवे बांबू, दोन्ही बाजूंना विजेच्या खांबांना सुतळीनं आवळून बांधलेले. पलीकडं दिवाकर आणि आणखी सातआठ पुरुष. गॅलऱ्यांमध्ये, दारांमध्ये बायका. बातम्या सगळ्यांनी बघितल्या होत्या, ते त्यांच्या तोंडांवरून दिसत होतं.

"मॅडम, हे तुम्ही बरं नाही केलं," दिवाकर मला म्हणाला. "गल्लीची बदनामी केली तुम्ही."

"तिच्याशी काय बोलतोस, माझ्याशी बोल," प्रयागबाई म्हणाली. "काय म्हणले होते मी? आधी नाव."

दिवाकरनं इलियासच्या कॅमेऱ्याकडं बघितलं. "काकू, समजून घ्या की. घरोघरी लेकरं आहेत. माझी आई ऐंशीची आहे. उद्या काही झालं तर कुणाला विचारायचं?"

"मला विचार. मी कुठं जाणार हाय? घरातच राहणार हाय सात दिवस. कागदावर लिहिलंय." तिनं कागद बांबूवरून पुढं धरला. "वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं कागद घेतला नाही.

"घेणार नाहीस. बरं." तिनं कागद पिशवीत ठेवला, पिशवी खाली ठेवली आणि खांबाजवळ जाऊन सगळ्यात वरच्या बांबूच्या गाठीला हात घातला.

सुतळी ओली करून बांधलेली असावी, वाळून दगड झाली होती. मंडपवाल्याची गाठ, वादळात न सुटणारी. पण तिच्या बोटांनी सगळा जन्म दुसरं काय केलं होतं? जिथं जागा नाही तिथून काहीतरी न फोडता सरकवायचं. ती गाठ चाचपून बघायची, एक पदर नखानं उचलायची, थांबायची, दुसरा पदर सैल करायची. घाई नाही. आठदहा पुरुष दोन हातांवर उभे. पहिली गाठ सुटली. बांबूचं एक टोक खाली आलं. ती दुसऱ्या गाठीकडं वळली.

"काकू," दिवाकर म्हणाला.

"बोल."

त्यानं वर गॅलऱ्यांकडं बघितलं.

गॅलरीतून एक बाई म्हणाली, "जाऊ द्या की हो त्यांना." दुसरी म्हणाली, "कशाला जाऊ द्या? आमच्या घरात बाळंतीण हाय." त्या दोघींचंच भांडण सुरू झालं. प्रयागबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या गाठीला वेळ लागला. तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि अठरा दिवसांच्या आजारानं हात थरथरत होते. आधी मला ते दिसलं नव्हतं. मी पुढं गेले. गाठ सोडवणं मला जमणारं नव्हतं. मी बांबूचं टोक खालून उचलून धरलं, म्हणजे सुतळीवरचा ताण कमी होईल. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण टोक सोडावंसं वाटलं नाही.

"असंच धर," ती पुटपुटली. "हां."

पाची गाठी सुटायला अर्धा तास लागला असेल. तेवढ्या वेळात दिवाकरला तिला अडवायला दहा वेळा संधी होती. हात धरून अडवायचं म्हटलं तर हात धरावा लागला असता, आणि तेवढं धाडस तिथं कुणाकडंही नव्हतं. शेवटच्या बांबूचं टोक जमिनीवर पडलं तेव्हा पुरुष दोन्ही बाजूंना झाले. ती पिशवी उचलून आत गेली. आपल्या दारापर्यंत गेली, कंबरेची किल्ली काढून कुलूप उघडलं, आणि उंबऱ्यावरून वळून म्हणाली,

"दिवाकर, आता बांध परत. मी आत हाय."

आणि दार लावून घेतलं.

पुढचं लवकर सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मालकांचा फोन. मला वाटलं आणखी शिव्या राहिल्या असतील. पण त्यांचा आवाज वेगळाच होता. सकाळपासून त्यांच्या घरच्या फोनवर लोकांचे फोन येत होते. मोंढ्यातला एक हमाल, एक शिक्षिका, एक सोनार, सोनाराची बायको. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही बरे होऊन आलोय, आमचंही नाव वाचा. "नऊ जण झाले," मालक म्हणाले. "आता काय करायचं?" मी म्हणाले, "मला काढलंय ना तुम्ही?" ते म्हणाले, "पाचला ये." मी पावणेपाचलाच गेले. जाताना एक वही नेली. ज्यांनी स्वतः फोन करून सांगितलं त्यांचीच नावं त्या वहीत लिहायची, दुसऱ्या कुणाची नाही, हे मी आणि इलियासनं जिन्यावर उभं राहूनच ठरवलं. दिवाळीपर्यंत रोज ती नावं वाचली. काही दिवस एकच असायचं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. प्रयागबाईनं आठव्या दिवशी घराच्या पुढच्या खोलीतलं आपलं बांगड्यांचं छोटं दुकान उघडलं आणि जवळजवळ दोन महिने तिच्याकडं कुणी फिरकलं नाही. ती रोज दहाला दुकान उघडायची, बांगड्यांवरची धूळ पुसायची आणि रस्त्याकडं तोंड करून बसायची. दिवाकरच्या घरातल्या बायका आजही बांगड्या भरायला लातूरला जातात. मी एकदा तिच्यापाशी तो विषय काढला तर ती म्हणाली, "जाऊ देत. भाडं परवडायलंय त्यांना."

आमच्याही घरी झालंच. घरमालकांनी निरोप पाठवला, महिनाअखेर बघा. शेजारणीनं दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर पत्रा लावून घेतला. मुलगी रडली, मग माझ्यावर चिडली, मग तीच मैत्रिणींना फोन करून सांगत बसली, हो, माझे आजोबा आहेत, मग काय.

मामांना सहाव्या दिवशी सोडलं. सेंटरमधून येणाऱ्या माणसाला गाडी कोपऱ्यावर सोडायची, भोंगा न वाजवता. माणूस खाली मान घालून भिंतीच्या कडेनं घरी जायचा. तशीच रीत पडली होती. सकाळी अकराच्या सुमाराला मी ओट्यावर उभी होते आणि लांबून भोंग्याचा आवाज आला. आवाज कोपऱ्यावर थांबला नाही. कॉलनीत शिरला. घराघरातून लोक बाहेर आले. गाडी भोंगा वाजवत थेट आमच्या फाटकासमोर येऊन थांबली. ड्रायव्हर हसत होता. मला म्हणाला, "कंडक्टर साहेबांनी घंटी मारल्याशिवाय गाडी थांबवायची नाही म्हणून सांगितलं होतं."

मामा उतरले. वाळले होते, पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळलेली. पण आवाज तोच, बसच्या मागच्या सीटपर्यंत जाणारा. त्यांनी फाटकात उभं राहून एकेका घराकडं वळून नमस्कार घातला. "कुलकर्णी साहेब, नमस्कार. आलो बरं का. शेख भाई, सलाम. काय गं मंदाकिनी, पत्रा कितीला बसवला? चांगला आहे." काही जणांनी नमस्कार परत केला. काही जण आत गेले. बंद झालेल्या दारांनाही त्यांनी नमस्कार घातला, एकही घर सोडलं नाही.

मग माझ्याकडं आले. चार हात लांब थांबले. सेंटरमध्ये सांगितलं होतं तसं. आठ दिवस मी ज्या माणसाला शेतावर ठेवलं होतं तो माणूस समोर उभा होता.

"मामा, मी..."

"राहू दे," ते म्हणाले. आणि मग कॉलनीभर ऐकू जाईल अशा आवाजात, "सूनबाई, खुर्ची ओट्यावर टाक. आतल्या खोलीत नाही, ओट्यावर. आणि चहा ठेव. आज मी इथंच बसणार आहे."

मी खुर्ची टाकली. ते अंधार पडेपर्यंत तिथं बसून होते.